छपरावरचा सूर्य आणि छपराखालची इमारत

महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालांत अलीकडे एक छायाचित्र हमखास आढळते. गच्चीवर सौर पॅनेलांच्या रांगा, त्यांच्यापुढे संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य आणि पाहुणे, आणि पाहुण्यांच्या हाती कात्री. या छायाचित्राची चेष्टा करण्याचा हेतू नाही. शिक्षणसंस्थांनी सूर्यापासून वीज घ्यावी हे योग्यच आहे. ‘नॅक’च्या २०१७ पासूनच्या सुधारित मूल्यांकन-चौकटीत सातव्या निकषाखाली पर्यायी ऊर्जेची विचारणा झाली आणि त्यामुळे अनेक संस्थांच्या गच्च्या निळ्या झाल्या, हेही स्वागतार्ह आहे. प्रश्न आहे तो छायाचित्रात न दिसणाऱ्या गोष्टीचा. ती गोष्ट म्हणजे पॅनेलांखालची इमारत. तिला किती वीज लागते, ती का लागते, आणि तेवढी लागलीच पाहिजे काय, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे अद्याप रुजलेली नाही.

प्रथम सूर्याच्या बाजूचा हिशेब मांडू. तो खरोखरच चांगला आहे. राष्ट्रीय सौर अभियान २०१० मध्ये सुरू झाले. त्याच वर्षीच्या पहिल्या लिलावात सौर विजेचा सरासरी दर युनिटला बारा रुपयांच्या घरात होता. २०१७ मध्ये मध्य प्रदेशातील रेवा येथील प्रकल्पासाठी पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैशांवर आला. सात वर्षांत एखाद्या वस्तूची किंमत चतुर्थांशावर यावी, असे प्रसंग अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत फार नाहीत. गच्चीवरचा छोटा संच अर्थातच एवढा स्वस्त पडत नाही, पण त्याची स्पर्धा रेव्याशी नसून आपल्या दरमहाच्या वीजबिलाशी असते. महाराष्ट्रात एक किलोवॅटचा संच वर्षाला साधारण १४०० ते १५०० युनिटे देतो आणि त्याला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते. किंमत किलोवॅटमागे ५० हजार रुपये आणि विकतच्या विजेचा दर युनिटला १० रुपये धरला, तर गुंतवणूक साडेतीन वर्षांत वसूल होते. पॅनेले मात्र पंचवीस वर्षे टिकतात. मध्यंतरी इन्व्हर्टर एकदा बदलावा लागेल, धूळ पुसावी लागेल. तरीही कोणत्याही बँकेच्या मुदतठेवीपेक्षा हा व्यवहार सरस आहे.

आता छपराखाली येऊ. तळमजला आणि त्यावर तीन मजले अशी एक इमारत कल्पावी. प्रत्येक मजल्यावर दहा वर्गखोल्या, म्हणजे एकूण चाळीस. पाण्याच्या टाक्या, जिन्याची खोली आणि त्यांच्या सावल्या वगळता गच्चीची ४०० चौरस मीटर जागा पॅनेलांसाठी मिळाली, तर तेथे ४० किलोवॅटचा संच बसेल. किलोवॅटला १४४० युनिटे धरली, तर वर्षाची वीज ५७,६०० युनिटे. प्रत्येक वर्गात ७५ वॅटचे सहा पंखे आणि २० वॅटचे आठ दिवे आहेत आणि ते दिवसाला सहा तास, वर्षाचे २०० दिवस चालतात असे मानू. पंख्यांना २१,६०० आणि दिव्यांना ७,६८० युनिटे लागतील, एकूण २९,२८०. गच्ची गरजेच्या जवळजवळ दुप्पट वीज देते. संगणक-कक्ष, प्रयोगशाळा आणि पाण्याचे पंप यांना पुरूनही काही उरावे.

याच चाळीस खोल्यांत प्रत्येकी दोन वातानुकूलन यंत्रे बसवू. दीड टनी यंत्राचा सरासरी खप १.२ किलोवॅट धरला, तर तेवढ्याच तासांत एक यंत्र वर्षाला १४४० युनिटे घेते. ऐंशी यंत्रांचा खप १,१५,२०० युनिटे होतो. तीच गच्ची, तीच पॅनेले, तोच सूर्य. पण जी गच्ची गरजेच्या दुप्पट वीज देत होती ती आता यंत्रांच्या खपाच्या निम्मीच देते, आणि पंखे व दिवे अजून मोजायचेच आहेत. स्थूलमानाने एका वातानुकूलन यंत्रासाठी शंभर चौरस फूट गच्ची लागते असे समजण्यास हरकत नाही. इमारतीला मजले कितीही चढवता येतात. गच्ची एकच असते.

यावर कुणी म्हणेल की, सगळ्या वर्गांत अशी यंत्रे कोण बसवतो? आज फार ठिकाणी नाहीत, हे खरे. पण प्राचार्यांच्या दालनापासून आरंभ होतो, मग सभाकक्ष, मग संगणक-कक्ष, मग ‘स्मार्ट’ वर्ग. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांत तर माहितीपुस्तिकेतच त्यांची जाहिरात असते. आणि विद्यार्थी किंवा शिक्षक ती मागतात तेव्हा त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावरील पश्चिमेच्या खोलीत दुपारी अडीचचा तास घेणाऱ्या माणसाला ऊर्जाबचतीचे व्याख्यान देणे हा अन्याय आहे. ती खोली तापते कारण ती तशी बांधली आहे.

ती तापते कशी? वरच्या मजल्यावर उष्णतेचा सर्वांत मोठा वाटा गच्चीच्या स्लॅबमधून येतो. उघडा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपर्यंत ते खाली सोडत राहतो. त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर पांढऱ्या चिनी मातीच्या फुटक्या तुकड्यांची फरशी करण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. कोबा उष्णतेला अडवतो, पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो. दुसरा वाटा पश्चिमेच्या भिंतीचा. महाराष्ट्रात दुपारचा सूर्य डोक्यावरून जातो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीला एक साधा छज्जा पुरतो. पण मावळतीकडचा सूर्य खाली उतरलेला असतो, त्याला छज्जा अडवू शकत नाही. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवून अरुंद बाजू मावळतीकडे करावी, तेथे जिना किंवा स्वच्छतागृह घ्यावे, हे गवंड्यालाही ठाऊक असते. तिसरा वाटा काचेचा. काच सूर्यकिरणांना आत येऊ देते, आणि आतल्या तापलेल्या वस्तूंतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेला मात्र अडवते. थंड देशांत याच गुणासाठी काचेची घरे बांधून भाज्या पिकवतात. आपण त्यांत प्रशासकीय इमारती पिकवतो.

या गोष्टी नव्या नाहीत. पुण्यात गणेशखिंडीत १८७१ मध्ये पुरी झालेली आणि मुंबईच्या गव्हर्नरांच्या पावसाळी निवासासाठी बांधलेली वास्तू आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. जाड दगडी भिंती, उंच छत आणि भोवतीचे व्हरांडे यांमुळे तेथे दुपारचे ऊन आत पोहोचता पोहोचता संध्याकाळ होते. अर्थात साम्राज्याच्या खजिन्यातून आणि स्वस्त मजुरीवर उभारलेल्या अशा वास्तू आज कुठलेही विद्यापीठ बांधू शकणार नाही, आणि बांधूही नये. दगडी भिंतींबद्दलचे उसासे हे काही धोरण नव्हे. परंतु व्हरांडा, छज्जा, समोरासमोरच्या खिडक्या आणि झाडांची सावली यांना गव्हर्नरचा खजिना लागत नाही. भारतीय मानक संस्थेने तर १९८७ मध्येच इमारतींच्या कार्यात्मक गरजांविषयी एक विस्तृत पुस्तिका काढली आणि दिशा, सावली, वायुवीजन यांची गणिते तयार करून दिली. ज्ञानाची उणीव नव्हती.

उणीव आहे ती हिशेबाच्या वह्या जोडण्याची. इमारत एका वहीतून बांधली जाते आणि वीजबिल दुसऱ्या वहीतून भरले जाते. बांधकामाचे अनुदान भांडवली असते. ते एकदाच येते, ठराविक मुदतीत खर्च करावे लागते, त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. त्या वहीचा धनी चौरस फुटाचा दर पाहतो आणि सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारतो. कोबा, छज्जा, जाड भिंत यांनी दर वाढतो, म्हणून ते आराखड्यातून प्रथम गळतात. पुढची पन्नास वर्षे वीजबिल भरणारा लेखा विभाग त्या बैठकीला नसतो. विद्यार्थी तर नसतातच. अनुदानित महाविद्यालयांत वेतनाचा भार शासन उचलते, पण वीज वेतनेतर खर्चात मोडते, आणि तो खर्च भागवताना ग्रंथालयातील नियतकालिके, प्रयोगशाळेतील रसायने आणि वीजबिल एकाच तुटपुंज्या रकमेतून निघतात. नियतकालिकांची वर्गणी थांबवता येते, वीजबिल थांबवता येत नाही. म्हणजे वास्तुशिल्पज्ञाने पश्चिमेला लावलेल्या काचेची किंमत काही वर्षांनी ग्रंथालयाच्या फळीवर दिसते.

त्यात वास्तुशिल्पज्ञाचे मानधन बहुधा बांधकामखर्चाच्या टक्केवारीने ठरते. वातानुकूलन हा बांधकामखर्चाचा भाग धरला गेला, तर यंत्राविना थंड राहणारी इमारत रेखाटणाऱ्याला विचार अधिक करावा लागतो आणि मानधन कमी मिळते. कुणाच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारण नाही, पण ज्या कामाला बक्षीस उलटे आहे ते काम क्वचितच होते, एवढे अर्थशास्त्र नक्की सांगते.

हे चक्र मोडल्याचे एक उदाहरण आपल्या देशात आहे, आणि योगायोग असा की ते अर्थशास्त्रज्ञांच्याच संस्थेचे आहे. तिरुवनंतपुरम येथील ‘सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज’ १९७१ च्या सुमारास उभे राहू लागले. के. एन. राज हे तिचे संस्थापक, राज्याचे मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन हे पाठीराखे, आणि परिसराची रचना लॉरी बेकर यांची. बेकर १९१७ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे जन्मले. महायुद्धाच्या काळात मायदेशी परतण्यासाठी बोटीची वाट पाहत ते मुंबईत थांबले असता त्यांची गांधीजींशी भेट झाली. घर बांधण्याचे सामान घरापासून पाच मैलांच्या परिघात मिळावे, हा गांधीजींचा विचार आपल्यावर कायमचा ठसला, असे ते पुढे सांगत. ते भारतात परतले, हिमालयात आणि नंतर केरळात राहिले, भारताचे नागरिक झाले आणि २००७ मध्ये तिरुवनंतपुरम येथेच वारले.

या परिसरात डोळ्यांत भरते ती वीट. भिंतींना गिलावा नाही, रंग नाही. त्यामुळे दर काही वर्षांनी रंगकामाची निविदाही नाही. बेकर विटा पसरट न ठेवता कडेवर उभ्या बसवीत आणि मधे पोकळी सोडीत. या बांधणीत विटा सुमारे चतुर्थांशाने कमी लागतात आणि पोकळीतील हवा उष्णतेला अडवते. येथे स्वस्त भिंत हीच थंड भिंत ठरते. स्लॅबमध्येही हीच युक्ती आहे. स्लॅबच्या खालच्या भागातील काँक्रीट वजन वाढवण्याखेरीज फारसे काही करीत नाही, म्हणून तेथे मंगलोरी कौले घालून सिमेंट आणि लोखंड वाचवायचे; कौलांतील हवेने छतही कमी तापते. खिडक्यांऐवजी पुष्कळ ठिकाणी विटांची जाळी आहे. तिच्यातून वारा येतो, उजेड झिरपतो, ऊन मात्र तुकड्यातुकड्यांनी येते. एके ठिकाणी तळ्याशेजारी उंच जाळीदार भिंत उभारून हवेच्या दाबातील फरकाने गार वारा इमारतीतून खेचण्याची सोय केली आहे. टेकडीचा उतार सपाट न करता आणि झाडे न तोडता इमारती त्यांच्यामधून वाट काढीत गेल्या आहेत. मध्यभागी ग्रंथालयाचा मनोरा आहे.

के. एन. राज यांच्यासारख्या नियोजनकाराला यात रस का वाटला असावा, याचा अंदाज बांधता येतो. बेकर यांच्या पद्धतीत खर्चाचा मोठा वाटा सिमेंट आणि पोलाद यांच्याऐवजी गवंडी, वीटकामगार आणि सुतार यांच्या मजुरीत जातो. म्हणजे पैसा गावातच फिरतो. १९८५ मध्ये अच्युत मेनन, राज, बेकर आणि टी. आर. चंद्रदत्त यांनी हीच पद्धत सामान्यांच्या घरांपर्यंत नेण्यासाठी ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था काढली. ऊर्जाबचत हे तेव्हा घोषवाक्य नव्हते. कमी पैशांत बरी इमारत हवी होती, आणि ती बांधताना विजेचाही खर्च टळला. बांधणारा आणि वापरणारा येथे एकच होता, दोन्ही वह्या एका हातात होत्या. मला याचे महत्त्व विटेच्या रचनेइतकेच वाटते.

हे वाचून कुणी नागपुरात विटांची जाळी बांधायला निघेल तर फसेल. केरळातली हवा दमट, तेथे वारा खेळता ठेवणे हाच उपाय. विदर्भातील मे महिन्याची लू घरात घेणे म्हणजे भट्टीचे दार उघडणे. तेथे जाड भिंती, दिवसा बंद आणि रात्री सताड उघड्या खिडक्या, आणि वाळ्याच्या ताट्या किंवा पाण्याचे कूलर हाच मार्ग. कूलरला वातानुकूलन यंत्राच्या मानाने वीज फार थोडी लागते; पाणी मात्र लागते, आणि ते उन्हाळ्यात कोठून आणायचे हा वेगळाच प्रश्न. कोकणात भिंतीवर येणारा तिरपा पाऊस आधी अडवावा लागतो. गुरुग्रामजवळ ‘टेरी’ संस्थेने २००० च्या सुमारास प्रशिक्षणकेंद्र बांधताना चार मीटर खोलीवर बोगदे घातले आणि जमिनीच्या पोटातून फिरवलेली हवा खोल्यांत सोडली. इतक्या खोलीवर तापमान वर्षभर सव्वीस अंशांच्या आसपास राहते, त्यामुळे तीच हवा उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार लागते. उत्तरेच्या टोकाच्या हवामानाला हा उपाय शोभतो. साताऱ्याला किंवा नाशिकला एवढे खोदण्याची गरज नाही. एकच नमुना नकाशा सर्व जिल्ह्यांना लावण्याची सवय मात्र सोडावी लागेल.

चांगल्या हेतूने बांधलेली इमारतही दावा करते तेवढी वीज वाचवतेच असे नाही; ते मोजावे लागते. अमेरिकेतील ओहायो राज्यातील ओबर्लिन या छोट्या महाविद्यालयात २००० मध्ये पर्यावरण-अभ्यासाची एक इमारत उघडली. डेव्हिड ऑर या प्राध्यापकांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही इमारत वापरते त्याहून अधिक ऊर्जा निर्माण करील, अशी कल्पना होती आणि तिची कीर्ती जगभर झाली. पण त्याच महाविद्यालयातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जॉन स्कोफिल्ड यांनी मीटर वाचले आणि इमारतीचा खप भाकितापेक्षा पुष्कळ जास्त असून छपरावरची पॅनेले त्याला पुरत नाहीत, असे आकड्यांनिशी प्रसिद्ध केले. साहजिकच वाद झाला. पुढे इमारतीत सुधारणा होत गेल्या आणि २००६ मध्ये वाहनतळावर १०० किलोवॅटची आणखी पॅनेले उभारली गेली, तेव्हा कुठे वचन पुरे झाले. आपल्याकडे एखाद्या प्राध्यापकाने स्वतःच्या संस्थेच्या ‘हरित’ इमारतीचे मीटर वाचून असा निबंध छापला असता तर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनी करावी.

याच ओबर्लिनमध्ये २००५ साली वसतिगृहांत एक स्पर्धा झाली. आपले वसतिगृह किती वीज वापरते हे विद्यार्थ्यांना सतत दिसेल अशी व्यवस्था केली आणि दोन आठवड्यांत कोण किती बचत करतो हे पाहिले. विजेचा खप सरासरी ३२ टक्क्यांनी उतरला. अशा स्पर्धेचा उत्साह वर्षभर टिकत नाही, हे मान्य. तरी दंड नाही, सक्ती नाही, केवळ आकडा डोळ्यांसमोर ठेवला एवढ्याने जे घडले ते दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

कायद्याचे काय? ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखालची इमारतींसाठीची संहिता २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली गेली. पण ती शंभर किलोवॅट किंवा अधिक जोडभाराच्या इमारतींसाठी आहे, आणि राज्याने अधिसूचना काढून स्थानिक बांधकाम-नियमांत घेतल्याखेरीज तिला दात येत नाहीत. तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाची दुमजली इमारत सहसा या जाळ्यात सापडतच नाही. शिवाय अशा इमारतींचे जोडभार हप्त्याहप्त्याने वाढतात. यंत्रे एकेक करून येतात आणि नकाशा तेव्हा केव्हाच मंजूर झालेला असतो.

सौर विजेच्या व्यवहारातही एक गुंता आहे, आणि तो शैक्षणिक दिनदर्शिकेचा आहे. पॅनेले सर्वांत जास्त वीज एप्रिल-मे महिन्यांत देतात, तेव्हा महाविद्यालयांना सुटी असते. वर्ग भरतात तेव्हा पावसाळ्याचे ढग असतात. ‘नेट मीटरिंग’मुळे जादा युनिटे वीज कंपनीच्या खात्यात जमा राहून पुढच्या महिन्यांत वळती होतात, म्हणून हा हिशेब जुळतो. पण ही सवलत नियमावर अवलंबून आहे. केंद्राच्या डिसेंबर २०२० च्या नियमांत तिची मर्यादा एकदम दहा किलोवॅटवर आणली गेली. ओरड झाल्यावर जून २०२१ मध्ये ती पाचशे किलोवॅट झाली. पंचवीस वर्षांच्या यंत्राचे गणित सहा महिन्यांत असे दोनदा बदलले. भिंतीच्या जाडीला कोणत्याही नियामक आयोगाची परवानगी लागत नाही.

बिलातील ‘मागणी आकार’ या ओळीकडेही पाहावे. उच्चदाब ग्राहकाला वापरलेल्या युनिटांखेरीज महिन्यातील कमाल मागणीचेही पैसे भरावे लागतात. एखाद्या ढगाळ दुपारी पॅनेले मंदावली आणि तेव्हाच सारी यंत्रे चालू असली, तर त्या अर्ध्या तासाची किंमत महिनाभर द्यावी लागते. पॅनेलांनी युनिटे घटतात, मागणी आकार घटेलच असे नाही. कमी तापणाऱ्या इमारतीने दोन्ही घटतात.

याचा अर्थ आहे ते मोडून नवे बांधावे असा मुळीच नाही. ‘हरित’ इमारतीसाठी जुनी धडधाकट इमारत पाडण्याइतका महागडा उपाय दुसरा नाही. सिमेंट आणि पोलाद तयार होतानाच जी ऊर्जा खर्च होते ती फिटायला वर्षे लागतात. पंख्यांचेच उदाहरण घ्या. वर कल्पिलेल्या इमारतीत २४० पंखे आहेत. ७५ वॅटच्या जागी ३० वॅटचे नव्या पद्धतीचे पंखे लावले तर वर्षाला १२,९६० युनिटे वाचतात. पंखा २,८०० रुपयांना धरला तर खर्च ६ लाख ७२ हजार. तेवढीच वीज देणारा नऊ किलोवॅटचा सौर संच साडेचार लाखांत येतो. म्हणजे चालते पंखे भंगारात काढणे हा चुकीचा व्यवहार. पण जुना पंखा जळाल्यावर, दीड हजाराचा साधा पंखा घेण्याऐवजी नवा घेतला तर जादा खर्च १,३०० रुपयांचाच. २४० पंख्यांचा ३ लाख १२ हजार. तो सौर संचाहून स्वस्त पडतो. आधीच झालेला खर्च सोडून पुढच्या निर्णयाचा खर्च मोजावा, हे तत्त्व आपण द्वितीय वर्षाच्या वर्गात शिकवतो. भांडारपालाच्या खरेदीपत्रकात मात्र ‘पंखा, नग २०, न्यूनतम दर’ एवढेच असते. गच्चीला पांढरा रंग, पश्चिमेच्या खिडक्यांबाहेर बांबूचे किंवा पत्र्याचे पडदे, मैदानाच्या त्या बाजूला कडुनिंबाची रांग, ही कामेही दुरुस्तीच्या सदरात बसण्याजोगी आहेत.

नव्या बांधकामाबाबत मात्र निर्णय आजच व्हायला हवेत. राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान २०१३ मध्ये आले, २०२३ मध्ये त्याचे प्रधानमंत्री उच्चतर शिक्षा अभियान झाले. दोन्हींत इमारतींसाठी पैसा आहे. त्यातून उभ्या राहणाऱ्या इमारती २०७५ पर्यंत तरी आपल्या पदरात राहतील. निविदेच्या तुलनापत्रकात बांधकामाच्या दराशेजारी पंचवीस वर्षांच्या अंदाजी वीजबिलाचा एक रकाना घालावा आणि दोन्हींच्या बेरजेवर निविदा ठरवावी. त्यासाठी कायदा बदलण्याची जरूर नाही. विद्यापीठांच्या इमारत समित्यांनी एक ठराव करणे पुरे. त्या समितीत वीजबिल भरणाऱ्या लेखापालाला एक खुर्ची द्यावी. वाचलेल्या बिलाची निम्मी रक्कम त्या-त्या विभागाच्या ग्रंथखरेदीला मिळेल असा नियम केला, तर पंखे बंद करण्यासाठी शिपायाला फिरवावे लागणार नाही.

आणि मोजणी. बहुतेक महाविद्यालयांत साऱ्या परिसराला एकच मीटर असतो. कोणती इमारत किती खाते हे कुणालाच ठाऊक नसते. प्रत्येक इमारतीला स्वतंत्र उपमीटर बसवणे हे सौर संचाच्या तुलनेत किरकोळ खर्चाचे काम आहे. नोंदी भौतिकशास्त्राच्या किंवा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी घ्याव्यात, प्रकल्प म्हणून त्यांना गुण मिळावेत, आणि दर चौरस मीटरला किती युनिटे हा आकडा वार्षिक अहवालात त्या छायाचित्राखाली छापावा. पहिली नोंद मात्र मे महिन्यात, परीक्षा आटोपून परिसर ओस पडल्यावर घ्यावी. कुणीही नसलेल्या इमारतीलाही रात्रंदिवस किती वीज लागते, हे त्या नोंदीवरून कळेल.